बॉयलरला कायदा, इंजिनिअरला पदवी

दसऱ्याच्या आगेमागे बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. पूजा, नारळ, संचालकांची भाषणे. त्याआधी ऑफ सीझनमध्ये निरीक्षकाने नळ्या-झडपा पाहिलेल्या असतात, पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली असते. ते बातमीत येत नाही.

ही शिस्त इथल्या कारखान्यांपेक्षा जुनी. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, पुढच्याच वर्षी बंगालने कायदा केला. प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे नियम एकत्र आणणारा बॉयलर कायदा १९२३ चा. वालचंदनगरचा कारखाना त्यानंतरच्या दशकातला. माळेगाव आणि भवानीनगरचे सहकारी कारखाने १९५० च्या दशकातले. इथली पहिली चिमणी उभी राहण्याआधीच बॉयलर कोणाच्या हाती द्यायचा, यावर कायद्याची नजर होती.

त्यातून कारखान्यात एक वेगळीच शिडी तयार झाली. भट्टीवर कामाला लागलेला पोरगा नोकरीचा दाखला जोडून बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसतो. आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. एकूण तापनपृष्ठ हजार चौरस मीटरच्या वर गेले, की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर लागतो. ‘बीओई झालाय’ म्हटले की कॉलनीत वजन वाढते आणि शेजारचा कारखाना जास्त पगारावर बोलावतो.

पण त्याच आवारातल्या गोदामाचा पाया आखणाऱ्याचे काय? वकिलांना १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांना १९७२ चा. इंजिनिअरला देशपातळीवर पदवी पुरते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे, पण तिचे ‘चार्टर्ड इंजिनिअर’ होणे ऐच्छिक. २००१ च्या भूज भूकंपानंतर नोंदणीच्या कायद्याची चर्चा वाढली. मसुदे आले, कायदा झाला नाही. बांधकामापुरता परवाना नगरपरिषदेचा. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने त्याच्या अटी राज्यात बऱ्याच अंशी एकसारख्या केल्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरला तिथे पदवीबरोबर अनुभवही दाखवावा लागतो. माझ्या मते, अट योग्य आहे. ती फक्त इमारतींपुरती असावी, हे मात्र पटत नाही.

२०२५ मध्ये बॉयलरसाठी नवा कायदा आला. त्याच वर्षी व्यावसायिक अभियंत्यांच्या विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी पुढे आला; नोंदणीसाठी राष्ट्रीय परिषद नेमण्याची त्यात तरतूद आहे. त्याचे व्हायचे ते होईल. तुम्ही बारामतीत किंवा इंदापुरात घर बांधायला काढले असेल, तर नकाशावर सही करणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत आधी नगरपरिषदेत जाऊन तपासा.