दोन असमान ग्राफिक्स कार्डांतील श्रमविभाग

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे गाव तांदळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. अशा तालुक्याच्या गावी लग्नसमारंभाच्या चित्रफिती तयार करणाऱ्या व्यावसायिकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. नवे ग्राफिक्स कार्ड घेतल्यावर जुने विकून टाकावे, की दोन्ही एकाच संगणकात बसवावीत? दोन कार्डांच्या शक्तीची सरळ बेरीज होते, हा समज सर्वत्र आढळतो. तो कितपत खरा आहे, हे कामाची वाटणी कशी होते यावर अवलंबून असते.

रेंडरिंग म्हणजे दृश्याच्या वर्णनावरून प्रत्येक चौकटीतील लक्षावधी बिंदूंचा रंग गणिताने ठरविणे. त्रिमितीय दृश्यांत सामान्यतः एका चौकटीचे गणित दुसरीवर अवलंबून नसते. म्हणून ते वाटून देता येते. समजा, सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने २४ सेकंदांचे, म्हणजे ६०० चौकटींचे दृश्य सिद्ध करावयाचे आहे. नव्या कार्डाला एका चौकटीस ४ सेकंद व जुन्याला १२ सेकंद लागतात. नवे कार्ड एकट्याने हे काम ४० मिनिटांत करील. काम निम्मेनिम्मे वाटले, तर नवे कार्ड २० मिनिटांत मोकळे होईल. परंतु जुन्याला ६० मिनिटे लागतील. म्हणजे साहाय्यक मिळूनही काम लांबले. हेच काम ४५० व १५० चौकटी असे वाटल्यास दोन्ही कार्डे ३० मिनिटांत एकदमच मोकळी होतात. यंत्रे तीच, फरक केवळ वाटणीचा.

हे प्रमाण आधी ठरवून ठेवणेही सुरक्षित नाही. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. शेजारी शेजारी बसविलेली दोन कार्डे एकमेकांना तापवितात व मर्यादेपलीकडे तापलेले कार्ड आपला वेग आपणच कमी करते. सकाळी मोजलेले प्रमाण दुपारी टिकत नाही. म्हणून जे कार्ड मोकळे होईल त्याने पुढची चौकट उचलावी, ही पद्धत अधिक श्रेयस्कर होय. तीत अखेरीस वाया जाणारा वेळ फार तर मंद कार्डाच्या एका चौकटीइतका असतो.

स्मृतीची गोष्ट वेगळी आहे. १२ व ६ गिगाबाइटची कार्डे मिळून १८ गिगाबाइट होत नाहीत. कारण दृश्याची संपूर्ण प्रत प्रत्येक कार्डात स्वतंत्रपणे ठेवावी लागते. ८ गिगाबाइटचे दृश्य लहान कार्डात मावत नाही. मग संगणकाच्या मुख्य स्मृतीचा आधार घेऊन वेग घटतो, किंवा काम थांबते. काही कार्डांना एनव्हीलिंक जोडणीने परस्परांची स्मृती वापरता येते. तथापि तो अपवाद होय.

दोन कार्डे भिन्न कंपन्यांची असल्यास आणखी एक अडचण येते. ब्लेंडर या मुक्त प्रणालीत एका वेळी एकाच जातीचा गणनमार्ग निवडता येतो. एनव्हिडियासाठी कुडा किंवा ऑप्टिक्स, एएमडीसाठी हिप. अशा वेळी प्रणाली दोनदा सुरू करून प्रत्येकीला एकेक कार्ड नेमून द्यावे. चौकटी स्वतंत्र चित्रांच्या रूपाने एकाच ठिकाणी साठवाव्यात, हाती घेतलेल्या चौकटीच्या नावाची रिकामी फाइल आधी तयार करण्याची सोय चालू ठेवावी व असलेल्या फाइलवर पुन्हा लिहिणे बंद ठेवावे. म्हणजे एकच चौकट दोनदा सिद्ध होत नाही. २००४ साली एनव्हिडियाने आणलेली एसएलआय जोडणी मुख्यतः खेळांसाठी व समान कार्डांसाठी होती. या कामास तिची गरज नाही.

शेवटी चित्रे जोडून त्यांची संकोचित चित्रफीत करावी लागते. संकोचनात पुष्कळशा चौकटी शेजारच्या चौकटींच्या आधारे नोंदविल्या जात असल्याने हे काम तितक्या सहजतेने वाटता येत नाही. त्यास १० मिनिटे लागत असतील, तर एकूण वेळ ५० मिनिटांवरून ४० मिनिटांवर येतो. २५ टक्क्यांची बचत २० टक्क्यांवर उतरते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला विचार हाच होता : अविभाज्य अंश एकूण लाभाला मर्यादा घालतो.

तात्पर्य, जुने कार्ड ठेवावे की नाही, हे त्याच्या वेगावरून एकट्याने ठरत नाही. दृश्य त्याच्या स्मृतीत मावते काय, वीजपुरवठा करणारा संच दोन्ही कार्डांचा भार सोसतो काय आणि वाटणी मागणीनुसार होते काय, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तरच जुने कार्ड नव्याचे साहाय्यक ठरते.