जुन्या गाडीचा आवाज नेमका कुठला?

नगरहून पाथर्डीकडे निघालेली पंधरा-वीस वर्षांची मोटार करंजी घाटाच्या अलीकडे वेग घेते आणि तळातून 'घूं' असा अखंड आवाज सुरू होतो. वेग वाढला की आवाज वाढतो, गिअर बदलला तरी तो तसाच राहतो. गॅरेजमध्ये ऐकणाऱ्याचे निदान ठरलेले असते : गिअरबॉक्स गेला. तो खाली उतरतो, उघडला जातो, पुन्हा चढतो. पैसे मोजून गाडी घरी येते आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. गिअरबॉक्सचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो.

लष्कराच्या वाहनांची कसून परीक्षा घेणारी 'डीआरडीओ'ची वाहन संशोधन व विकास संस्था याच नगरमध्ये (आता अहिल्यानगर) आहे. चाचणीसाठी तिच्याकडे स्वतंत्र मार्ग आहेत. सामान्य वाहनधारकाला मात्र आपले कान आणि एखादा मोकळा, सपाट रस्ता यांवरच भागवावे लागते. पण आवाज 'कसा' आहे यापेक्षा तो 'केव्हा' येतो आणि केव्हा थांबतो याकडे लक्ष दिले, तर तेवढ्यानेही बरेच काही उलगडते.

पहिली परीक्षा उभ्या गाडीची. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवरून काढलेला. अशा वेळी खरखर ऐकू येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो; कारण क्लच दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग झिजले आहे. गाडी उभी असताना इंजिनाच्या वेगाबरोबर टकटक वाढत असेल आणि क्लचने तिच्यात काहीच फरक पडत नसेल, तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी टॅपेट आणि इंजिन ऑइलची पातळी पाहावी.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. ती रिकाम्या, सरळ रस्त्यावर करावी, घाटात कदापि नाही. वेग घेतल्यावर क्षणभर गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. इंजिनाचा वेग उतरला तरी आवाज कायम राहिला, तर तो चाकांचा, टायरचा किंवा फार तर डिफरन्शियलचा असतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर जाताच सूर बदलला, तर टायर. किंचित उजवीकडे वळताना आवाज वाढला, तर डाव्या चाकाचे बेअरिंग. वळणावर भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणून हा उलटा हिशेब. आरंभी सांगितलेला भुर्दंड या दोन मिनिटांच्या परीक्षेने टळला असता.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना 'कट-कट' ऐकू आली, तर पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या ॲक्सलचा बाहेरचा सांधा खराब झालेला असतो. मारुती ८०० मध्ये हा दोष फार ओळखीचा. त्यावरचे रबरी बूट फाटते, ग्रीस उडून जाते आणि आत धूळ शिरते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर सांधा अजून वाचण्याची आशा असते. त्या वेळी बूट बदलण्याचा खर्च किरकोळ. ॲम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती व्हॅन या गाड्यांची मागची चाके फिरतात. त्यांत क्लच सोडताना एकदाच 'ठक्' झाले, तर प्रथम प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत.

गिअर पडताना होणाऱ्या त्रासाचाही अर्थ लावता येतो. सगळेच गिअर जड पडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नसतो. पुष्कळदा केबलचे समायोजन पुरते. एकच गिअर करकरत असेल, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला ही रिंगच नसते; तेथे क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबावे, एवढेच. मात्र चढावर इंजिन ओरडते, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, हे क्लच प्लेट संपल्याचे लक्षण. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलणे शहाणपणाचे. पुन्हा उतरवण्याची मजुरी बेअरिंगच्या किमतीहून जड पडते.

गिअर ऑइलकडे बहुतेकांचे वर्षानुवर्षे लक्षच जात नाही. पुष्कळ गाड्यांत ते मोजायला पट्टी नसते. बाजूचा बोल्ट काढून तेल छिद्रापर्यंत आहे का, ते पाहावे लागते. जुने तेल काढल्यावर त्यात पितळेची बारीक चमक दिसली, तर घाबरू नये. दातांचे तुकडे निघाले तर मात्र गिअरबॉक्स उघडणे अटळ. पुस्तिकेत जीएल-४ सांगितले असताना 'अधिक चांगले' म्हणून जीएल-५ भरणारेही असतात. त्यातील काही तेलांतले गंधकयुक्त घटक पितळी रिंगांना बाधतात.

हा खटाटोप करायचा, कारण जुनी गाडी बाळगणे स्वस्त राहिलेले नाही. पंधरा वर्षांनंतरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्यात चुकीच्या निदानाची भर कशाला? गॅरेजमध्ये 'गाडी आवाज करते' एवढेच सांगण्याऐवजी 'क्लच दाबला की आवाज थांबतो' असे सांगावे, आणि ट्रायल घेताना मेकॅनिकच्या शेजारी बसावे.

काही आवाजांच्या बाबतीत मात्र परीक्षाही करू नये. ब्रेक दाबताना धातूवर धातू घासल्याचा आवाज, चाक हाताने हलवल्यावर जाणवणारी ढिलाई, चालता चालता आपोआप सुटणारा गिअर, यांपैकी काहीही असेल तर ती गाडी इमामपूर किंवा करंजी घाटात नेऊ नये. तिच्याकडे मेकॅनिकला बोलवावे. ब्रेक आणि चाके शाबूत असतील तरच टोचन लावावे. नाहीतर ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच आणावी.