हाली रुपया ते क्यूआर कोड : जळकोटच्या पैशाचा मागोवा

निजामाच्या राज्यात लातूर जिल्ह्यातल्या जळकोटच्या मुलखात हाली रुपया चालायचा. ब्रिटिश हिंदुस्थानातला रुपया म्हणजे कलदार. 6 कलदारांना 7 हाली मोजावे लागत. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी हाली लगेच बंद झाला नाही. 1959 साली भारतीय रुपया हेच एकमेव चलन ठरलं. जुना पैसा संपवायला आणि नव्याशी ओळख करून घ्यायला माणसांना सवड मिळाली.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री ती सवड नव्हती. 500 आणि 1000 च्या नोटा, म्हणजे मूल्यानं देशातली सुमारे 86 टक्के रोकड, एका घोषणेनं बाद झाली. सोयाबीनचा पैसा हाती येण्याचे आणि रब्बीच्या पेरणीचे ते दिवस. त्यातच 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. खेड्यातल्या शेतकऱ्याचं खातं नेमकं तिथंच.

त्यानंतर कार्डाचा आग्रह सुरू झाला. 14 एप्रिल 2017 रोजी नागपुरात, कार्डानं पैसे भरणाऱ्यांसाठीच्या सरकारी सोडतीचं 1 कोटीचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळालं. तिनं मोबाइलचा 1590 रुपयांचा हप्ता रूपे कार्डानं भरला होता.

पुढं यूपीआयचा वापर वाढला आणि सोय खरोखरच झाली. सुट्ट्यांची कटकट मिटली, पुण्यात कामाला गेलेल्या मुलाचे पैसे क्षणात घरी पोचू लागले. 'लाडकी बहीण' योजनेचे 1500 रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात पडतात, हे मोलाचंच आहे. पण ते हातात यायला अनेकदा यंत्रावर अंगठ्याचा ठसा जुळावा लागतो. कष्टानं बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, कधी रेंज नसते, आणि हेलपाटा वाया जातो.

रोकड मात्र मागं हटली नाही. नोटाबंदीपूर्वी देशात सुमारे 18 लाख कोटींचं चलन होतं, 2024 पर्यंत ते जवळपास दुप्पट झालं. 2023 च्या मे महिन्यात 2000 ची नोट मागं घेताना मात्र रिझर्व्ह बँकेनं ती बदलून घ्यायला काही महिने दिले.

पैसा बदलणारच. तो बदलताना माणसाला वेळ आणि निवड दोन्ही मिळायला हवीत. म्हणून दुकानात नोट नाकारली जाऊ नये, सणासुदीला एटीएम रिकामं राहू नये आणि आठवड्याच्या खर्चापुरती रोकड प्रत्येक घरात असावी. ज्याच्याकडे फोन नाही, त्याचाही बाजार चालला पाहिजे.