अपुरं राहिलेलं गाणं

१९६८च्या मे महिन्यात ज्याँ-लुक गोदारने त्रुफो वगैरे मित्रांसह कान महोत्सव बंद पाडला आणि जूनमध्ये तो लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत कॅमेरा लावून बसला. समोर रोलिंग स्टोन्स एक नवं गाणं बसवत होते. त्यातून आला ‘वन प्लस वन’.

आज चित्रपटात जिवंत वाटतो तो स्टुडिओच. अँथनी रिचमंडचा कॅमेरा लांबलचक शॉटमध्ये संथपणे फिरतो, आणि रेंगाळत निघालेलं गाणं तुकड्यातुकड्याने सांबाच्या ठेक्यावर येतं. तेच ते कडवं पुन्हा, मग थांबणं, सिगारेट, परत सुरुवात. त्याच दिवसांत रॉबर्ट केनेडींची हत्या झाली आणि गाण्याच्या शब्दांतल्या एका केनेडीचे दोन झाले. जगातली उलथापालथ इथे कुणी भाषण न देता आत येते. ब्रायन जोन्स मात्र बाजूला गिटार छेडत बसलेला, बँड ज्याने उभा केला तोच. कुणी त्याच्याकडे वळूनही बघत नाही. वर्षभराने तो गेला. हे ठाऊक असल्यावर ते प्रसंग बघवत नाहीत.

मधले राजकीय प्रवेश वेगळ्याच जातीचे. टेम्सकाठच्या भंगारात काळे क्रांतिकारक रायफली हातोहात पुढे देतात, ब्लॅक पँथर नेता एल्ड्रिज क्लीव्हरचं लेखन वाचतात. पिवळ्या मासिकांच्या दुकानात मालक ‘माइन काम्फ’ वाचतो. हे सगळं पाठ म्हणून दाखवल्यासारखं. अपवाद एकच: आन व्याझेम्स्कीची ईव्ह डेमोक्रसी. रानात मुलाखतकार तिच्यामागे लांबलचक प्रश्न घेऊन फिरतात. ती फक्त हो किंवा नाही म्हणते. लोकशाहीची एवढी नेमकी थट्टा फार थोड्यांनी केली असेल.

गोदारला गाणं अपुरंच हवं होतं. निर्माता इयान क्वारियरने (दुकानाच्या त्या मालकाच्या भूमिकेतही तोच!) शेवटी संपूर्ण गाणं जोडलं, चित्रपटाला गाण्याचंच नाव दिलं, ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’. नोव्हेंबरात लंडनच्या महोत्सवात गोदारने प्रेक्षकांना सांगितलं, पैसे परत मागा आणि क्लीव्हरच्या बचाव निधीला द्या. मग क्वारियरला ठोसा लगावला.

क्वारियरचा हिशेब धंद्याचा होता, त्यात नवल नाही. पण १९६९च्या डिसेंबरात आल्टामाँटच्या मैफलीत स्टोन्सना हेच गाणं मारामारीमुळे मध्येच थांबवावं लागलं, हे ‘गिमी शेल्टर’ या माहितीपटात दिसतं. म्हणूनच दोन्ही प्रतींपैकी निवड करायची झाली, तर मी गोदारची, अपुऱ्या गाण्याची घेईन.