‘ह’ म्हणून थांबायचं

लकवा मारल्यावर हात-पाय हळूहळू वळू लागतात, पण समोरच्या वाटीतल्या पिवळ्या पुडीचं नाव काही केल्या तोंडात येत नाही. सांगलीच्या हळदबाजारात उभा जन्म काढलेल्या माणसाचंही असं होऊ शकतं. फोडणीत घालतात, जखमेवर दाबतात, हे सगळं त्याला ठाऊक असतं. नाव तेवढं हाती लागत नाही. हा वाचाघात, म्हणजे अफेझिया. बुद्धी शाबूत असते, शब्दापर्यंतची वाट मोडलेली असते. घरचे मग मायेनं लगेच ‘हळद’ सांगून टाकतात आणि दहा वेळा म्हणवून घेतात. माझ्या मते ही मदत फार लवकर आलेली असते.

ऐकलेलं परत म्हणणं वेगळं आणि वस्तू पाहून नाव आतून ओढून काढणं वेगळं. शिवाय अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. फिलाडेल्फियाजवळच्या मॉस पुनर्वसन संशोधन संस्थेत एरिका मिडलटन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी वाचाघाताच्या रुग्णांवर तपासल्या. काही चित्रांची नावं आयती सांगून म्हणवून घेतली, काहींची आठवायला लावली. नंतरच्या चाचणीत आठवलेली नावं सरस ठरली. मध्ये इतर चित्रं घालून विचारलेली नावंही एकापाठोपाठ घोकलेल्यांपेक्षा चांगली टिकली. घरी हे असं करता येतं: हळदीची वाटी दाखवून गप्प बसायचं. नाहीच आलं तर ‘ह…’ म्हणून पुन्हा थांबायचं. आलं की तांब्या, विळी, कंदी पेढा, आणि परत हळद. पुढे चहानंतर, संध्याकाळी, परवा. अडलं तर शब्द सांगावा आणि पुढच्या खेपेला अंतर कमी करावं.

यावर आक्षेप असा, की सारखं चुकल्यानं माणूस खचतो आणि चुकीचाच शब्द रुळतो. त्यात तथ्य आहे. ज्यांना जवळजवळ काहीच नाव येत नाही, त्यांना सुरुवातीला आख्खा शब्दच द्यावा. पण प्रयत्नच करू न देणं हा त्यावरचा उपाय नव्हे. बहुतेक वेळा जमेल इतपतच अंतर ठेवावं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ब्रिटनमधल्या ‘बिग कॅक्टस’ चाचणीत (2019) 278 रुग्ण होते. घरच्या घरी संगणकावर सराव केलेल्यांना सरावातले शब्द चांगले सापडू लागले, गप्पा मात्र सुधारल्या नाहीत. म्हणजे शिकवाल तेवढाच शब्द येतो. मग शब्द निवडतानाच चोखंदळ व्हायला हवं. छापील तक्त्यावरचं शहामृग कुणाला हवंय? नातीचं नाव, बीपीची गोळी, एसटी, वैरण हे शब्द आधी. जत तालुक्यात कितीतरी घरांतून कन्नड बोलतात. तिथे मराठी तक्ता पुढे करणं म्हणजे रोग्यालाच परका करणं.

माण किंवा आटपाडीच्या गावातून स्पीच थेरपिस्टसाठी कराड-मिरज गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून थेरपिस्ट नको, असं मात्र नाही. नुकसान नेमकं कुठे झालंय, समजण्यात की बोलण्यात, हे तपासणं आणि शब्द व अंतरं ठरवून देणं त्यांचंच काम. रोजचा सराव घरच्यांचा. त्याला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं: आज हळद विनाखूण आली, तर चार दिवसांनंतरच्या चौकोनात पेन्सिलीनं एक ‘ह’.