फोंड्याने उतरावं, आंबोलीने चढावं

कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्यांना दोनच दिशा ठाऊक असतात, एक पुण्याकडची आणि दुसरी बंगळूरकडची. दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, अलीकडे कर्नाटक, आणि मधून दिवसरात्र वाहणारा हमरस्ता. हल्ली या गर्दीत एखादी कॅरव्हॅनही दिसते. छपरावर सोलर पॅनेल, मागे सायकली, खिडक्यांना पडदे. विचारलं तर ती बहुधा गोव्याला चाललेली असते. आमच्या निपाणी भागात समुद्र म्हणजे गोवा हे जणू ठरूनच गेलं आहे. खरं तर निपाणीहून पश्चिमेला निघालेला एक राज्यमार्ग सरळ बंदरावर जाऊन थांबतो. त्याचं नावच देवगड–निपाणी मार्ग. सुमारे दीडशे किलोमीटर. चालतं-फिरतं घर घेऊन बंदरांची गावं पाहायची असतील, तर आपल्या उंबऱ्याबाहेरचा हा रस्ता सोडून दूर कुठे जायची गरज नाही.

हे रस्ते सहलीसाठी झालेले नाहीत. घाटमाथ्यावरचा कापूस, तंबाखू, गूळ खाली बंदरात उतरवायचा आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणायची, या व्यवहारातून ते रुळले. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. १८१२ साली ते सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं आणि पुढे बेळगावच्या छावणीचं बंदर बनलं. माल आंबोलीच्या वाटेने वर यायचा. गाडीवान वाटेत बैल सोडत, गाडीखाली चूल मांडत आणि गाडीतच झोपत. कॅरव्हॅनचा शोध परदेशात लागला असं मानणाऱ्यांनी हे एकदा आठवून पाहावं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे मुरगावला पोहोचली, घाटमाथ्याचा माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याचा धंदा ओसरला. प्रवासी बोटी मात्र नंतरही बरीच वर्षं चालल्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघायचं, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असं करत उतरायचं. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं-सामान किनाऱ्याला येई. त्या बोटीही बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, पण तिची स्टेशनं कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी आत. बंदरं रुळांपासून तीस-चाळीस किलोमीटर लांबच राहिली.

म्हणूनच या गावांना स्वतःची गाडी लागते, आणि म्हणूनच ही गावं बदलायचीही राहिली. इथली बाजारपेठ, धक्क्याकडे जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंचे चिऱ्याचे गडगे, सगळं बैलगाडीच्या मापाचं आहे. अमेरिकेत बारा-बारा मीटर लांबीची घरं रस्त्यावरून फिरतात. तिथे जागोजागी पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी देणारे तळ आहेत. तसली गाडी फोंडा घाटाच्या वळणातही अडेल आणि मालवणच्या बाजारातही. आपल्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली, सहा मीटरच्या आसपासची गाडी पुरते. चौघांचं कुटुंब असेल तर तीही मोठीच समजा.

गाडी घेण्याआधी कागद पाहावेत. जुनी व्हॅन विकत घ्यायची आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून आत पलंग, ओटा, संडास बसवून घ्यायचा, हा बेत कायद्यात बसत नाही. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठणकावून सांगितलं आहे. मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याकडून गाडी घ्यावी आणि आरसी बुकात कॅम्परव्हॅन अशीच नोंद असावी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला साधा हलक्या वाहनाचा परवाना चालतो. गाडी भाड्याची असेल तर तिचा पर्यटक परवाना दोन्ही राज्यांत चालतो का, हे आधी विचारावं. आपण सीमेवरची माणसं, आपला प्रवास सुरू होताच राज्य बदलतं. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करायचे तळ, दोन्हींचा विचार आहे. केरळनेही त्याच वर्षी आपलं धोरण जाहीर केलं. कागदावर सगळं छान आहे. किनाऱ्यावर मात्र तळ शोधावेच लागतात.

निपाणीहून मुरगूड, मुदाळ तिट्टा, राधानगरी. वेदगंगा, दूधगंगा, भोगावती या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांची खोरी एकामागून एक ओलांडत रस्ता चढतो. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं. पुढे दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य, १९५८ सालचं. इथे रेंगाळावंसं वाटेल, पण गव्यांच्या रस्त्यावर अंधार करू नये. दिवसाउजेडी घाट उतरावा.

घाटाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शंभर लिटरची टाकी घरून भरून निघालात तर एक क्विंटल ओझं विनाकारण घाट चढतं, आणि उतरताना तेच ओझं ब्रेकवर येतं. टाकी पाव भरून निघावं, उरलेली खाली फोंडाघाट गावात भरावी. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर दगा देतात. ट्रकवाल्यांना हे सांगावं लागत नाही. कारमधून कॅरव्हॅनमध्ये आलेल्यांना सांगावं लागतं.

नांदगाव तिठ्यावर मुंबई–गोवा महामार्ग ओलांडला की हवा बदलते आणि कलमांच्या बागा सुरू होतात. देवगडचं बंदर तिन्ही बाजूंनी डोंगराच्या कुशीत आहे, म्हणून वादळात बाहेरच्या होड्याही इथे आसऱ्याला येतात. वर आंग्रेकालीन किल्ला आणि १९१५ सालचा दीपगृहाचा मनोरा. पण देवगड पाहायचं ते धक्क्यावर. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो आणि लिलाव पुकारला जातो. बांगडा, सुरमई, सौंदाळे, तारली यांचे ढीग भराभर हात बदलतात. लॉजवर उतरलेला पाहुणा आंघोळ-नाश्ता आटोपून येतो तेव्हा तिथे ओली जमीन आणि मांजरं उरलेली असतात. बंदराच्या वेळेला बंदरात असणं हा कॅरव्हॅनचा खरा फायदा. समुद्र तर कुठूनही दिसतो. मात्र गाडी धक्क्यावर नेऊ नका. ती जागा मासळीच्या टेम्पोंची आहे. लांब लावून चालत जावं.

देवगडहून तासाभरात विजयदुर्ग. शिलाहार भोजराजाच्या काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५३ साली घेतला, आंग्र्यांनी त्याचा दरारा वाढवला आणि १७५६ साली पेशवे आणि इंग्रज एकत्र आल्यावर तो पडला. आपलं आरमार आपणच बुडवायला मदत केली, ही गोष्ट तटावर उभं राहिलं की जास्तच बोचते. वाघोटन खाडीकाठी आंग्रेकालीन गोदी आहे. ती चुकवू नये, बहुतेक जण चुकवतात. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. १८ ऑगस्ट हा दिवस इथे साजराही होतो. १८६८ साली त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होतं हे खरं. पण हा साहेब म्हणून ज्या लॉकियरचं नाव घेतलं जातं त्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून निरीक्षणं केली, आणि जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ग्रहणावेळी गुंटूरला होता. आपल्या बाजूच्या जमखंडीतूनही जॉन हर्शेल या अधिकाऱ्याने ते ग्रहण अभ्यासलं होतं, याची मात्र जमखंडीत कोणी जत्रा भरवत नाही. विजयदुर्ग मोठा ठरायला हेलियमची गरज नाही.

कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत मालवणला यावं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. होडीने जाऊन यायला अर्धा दिवस ठेवावा. गाडी तारकर्लीच्या बाजूला लावावी आणि सकाळी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहावी. गावातली माणसं दोन्ही टोकांनी जाळं ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली राज्याने निर्बंध घातले, ते याच पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे. हा तंटा अजून मिटलेला नाही. चहाच्या टपरीवर विषय काढलात तर तासभर ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी ते मात्र निघण्याआधी विचारून घ्या. तारीख गावकरी कौल घेऊन ठरवतात, आणि त्या दोन दिवसांत मालवणच्या रस्त्यांवर मोठी गाडी म्हणजे शिक्षा.

मुक्काम कुठे करायचा? पर्यटन महामंडळाच्या निवासाचं आवार, निवास-न्याहारी चालवणाऱ्यांचं खळं, कलमाच्या बागेतला मांगर, परवानगी घेऊन देवळाचं पटांगण. विचारलं तर कोकणी माणूस नाही म्हणत नाही, पण न विचारता लावलेली गाडी तो विसरतही नाही. पैसे विचारून द्यावेत आणि एक जेवण त्यांच्याकडेच घ्यावं. वाळूत गाडी घालू नये. चाक तर रुततंच, शिवाय नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला त्यांची घरटी राखली जातात. पिल्लं उजेडाकडे वळतात, त्यामुळे किनाऱ्यालगत रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवावेत.

विजेचं गणितही आधी मांडावं. चारशे वॅटची पॅनेलं हिवाळ्यात दिवसाला दीड-दोन युनिट देतात. त्यावर दिवे, पंखे, मोबाइल आणि लहान फ्रिज निभतो, एसी नाही. एसी हवाच असेल तर प्लग मिळेल तिथेच मुक्काम. आत गॅस पेटवताना खिडकी उघडी हवी, आणि शेगडी पेटती ठेवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. घरी परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर खाऱ्या हवेने पत्रा दोन मोसमांत खाल्लाच म्हणून समजा.

वेंगुर्ल्याला शेवटचा मुक्काम करावा. बंदर आता शांत आहे, पण दीपगृहाच्या टेकडीवरून समुद्रातले खडक दिसतात, जिथे पाकोळ्यांची घरटी असतात. इथलं फळ संशोधन केंद्र काजूच्या वेंगुर्ला जातींसाठी नावाजलेलं. बागायतदाराने रोपांची चौकशी करूनच निघावं. मग सावंतवाडी, आंबोलीचा चढ, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर आणि निपाणी. पावसाळ्यात आंबोलीला धबधब्यांच्या गर्दीत गाडी फिरवायलाही जागा नसते. हिवाळ्यात घाट मोकळा मिळतो.

या सगळ्यात अडतं ते एकाच ठिकाणी, संडासाच्या टाकीपाशी. ती कुठे रिकामी करायची याचं धड उत्तर आज या किनाऱ्यावर मिळत नाही, आणि त्यामुळे काही जण रात्री ओढ्यात सोडून मोकळे होतात. देवगड, मालवण, वेंगुर्ला इथल्या नगरसंस्थांनी एसटी स्टँडाजवळ एक नळ, एक प्लग आणि मैला उपसण्यासाठी एक बंदिस्त टाकी एवढं केलं आणि त्याचे रीतसर पैसे घेतले, तर बाकी काही नको. निपाणी नगरपालिकेनेही हमरस्त्यालगत अशी एक जागा करावी; पुण्याहून आणि बंगळूरहून येणाऱ्या कॅरव्हॅन आपल्या दारावरूनच जातात. तोवर टाकी घरी आणून रिकामी करावी आणि वाटेत सार्वजनिक शौचालयं वापरावीत. भाऊबीज आटोपली की निघायला हरकत नाही. होड्या मे अखेरपर्यंत समुद्रात असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, लिलाव थांबतात आणि सिंधुदुर्गाची होडीही पावसाळ्यात मिळत नाही.