शाळेची सायकल आणि हेल्मेट

मानव विकास कार्यक्रमांतर्गत गरजू विद्यार्थिनींना सायकली मिळाल्याने शाळेचे अंतर कमी झाले. आता सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या डोक्याच्या रक्षणाचाही विचार होणे अगत्याचे आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलस्वारांसाठी आहे. सायकल तिच्या कक्षेत येत नाही. स्वीडनमध्ये मात्र २००५ पासून १५ वर्षांखालील सायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक आहे. पडताना हेल्मेटच्या आतील थर्मोकोलचा थर चेपतो आणि आघाताचा बराचसा जोर शोषून घेतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. ते कपाळावर, भुवयांच्या सुमारे दोन बोटे वर बसावे व हनुवटीखालचा पट्टा नेहमी लावलेला असावा.

तथापि, हेल्मेटमुळे टक्कर टळत नाही. शिवाय, हेल्मेट नाही म्हणून एखाद्या मुलीची शाळा सुटली, तर सायकल देण्याचा मूळ हेतूच विफल होईल. यास्तव सक्तीपूर्वी सायकलीसोबतच हेल्मेट पुरविणे इष्ट ठरेल. शिक्षकांनी ब्रेक व पट्टा तपासावा आणि पंचायतीने शाळेच्या वाटेवरील खड्डे बुजवावेत. मुलांची सुरक्षितता ही सर्वांची सामायिक जबाबदारी होय.